रुग्णालयात हात कधी आणि कशाने धुवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आम्हाला वॉर्डात, ओपीडीच्या रांगेत, प्रशिक्षणाच्या वर्गात आणि व्हॉट्सअॅपवर सतत येतात. विचारणारे बहुतेक तीन प्रकारचे असतात: रुग्णाजवळ थांबणारे नातेवाईक, नव्याने रुजू झालेले सिस्टर-ब्रदर आणि मावशी-मामा, आणि छोटं नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर. सगळं वाचायला वेळ नसेल तर आपल्या कामाचा प्रश्न शोधा आणि तेवढाच वाचा.

१. हात तर आम्ही घरीही धुतो. दवाखान्यात त्याचं एवढं काय?

घरी आपण धडधाकट असतो आणि कातडी शाबूत असते. दवाखान्यात खाटेवरच्या माणसाच्या अंगात जंतूंना शिरायला वाटा उघड्या असतात: सलाईनची सुई, लघवीची नळी, श्वासाची नळी, ऑपरेशनचे टाके. शिवाय तिथले जंतूही वेगळे असतात. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास, एमआरएसए ही मंडळी अनेक अँटिबायोटिकना दाद देत नाहीत. ॲसिनेटोबॅक्टर तर कॉटच्या कोरड्या दांडीवर कित्येक दिवस जिवंत राहतो. या जंतूंना चालता-उडता येत नाही. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर ते जातात, ते मुख्यतः आपल्या हातांवरून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात दिलेला हिशोब असा: श्रीमंत देशांत दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच एखादा नवा संसर्ग होतो. असा संसर्ग झालेल्या दर १० रुग्णांमागे एकाचा मृत्यू होतो. हे सगळे संसर्ग हातांमुळेच होतात असं नाही. पण त्यातला जो वाटा टाळता येण्यासारखा आहे, त्यात हातांइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

२. हात धुतल्याने संसर्ग कमी होतो याला पुरावा आहे, की नुसतीच शिस्त?

पुरावा आहे आणि तो जुना आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक सुईणी चालवत, दुसरा डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका दगावत. तिथल्या इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट प्रसूतीला येतात. त्याने क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये त्या विभागातले सुमारे १८ टक्के मृत्यू जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा रूढही झाला नव्हता. सहकाऱ्यांनी त्याचं म्हणणं मानलं नाही, तो भाग वेगळा.

अलीकडचं उदाहरण जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयाचं आहे. तिथे १९९४ ते १९९७ या काळात डिडिए पिते यांच्या चमूने प्रत्येक खाटेजवळ हँडरब (पाण्याशिवाय हातावर चोळायचा अल्कोहोलचा सॅनिटायझर) ठेवला आणि सतत निरीक्षण केलं. हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयातले संसर्ग १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. त्याच वेळी इतरही उपाय चालू होते, म्हणून सगळं श्रेय एकट्या हातांना देता येणार नाही. तरी ६६ टक्के म्हणजे काही शंभर नव्हे, एवढ्यावरही फरक पडला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

३. मग नेमके कधी हात स्वच्छ करायचे? दिवसभर तेच करत बसायचं का?

प्रशिक्षणात सर्वात जास्त वेळ आम्ही याच प्रश्नावर घालवतो. हात कसे चोळायचे ते दहा मिनिटांत शिकवता येतं, पण कधी चोळायचे ते अंगवळणी पडायला महिने लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळा ठरवून दिल्या आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, इंजेक्शन, ड्रेसिंग, नळी जोडणं अशा निर्जंतुक कामाआधी, रक्त, लघवी, पू, थुंकी यांच्याशी संबंध आल्यानंतर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाला हात न लावता नुसत्या त्याच्या कॉट, लॉकर, सलाईन स्टँडला हात लावला तरी त्यानंतर.

आता हे खाटेजवळ उतरवून बघा. सिस्टर आल्या, हँडरब लावला, आजोबांची नाडी बघितली. मग त्यांना सलाईनमधून इंजेक्शन द्यायचं आहे. मध्ये त्यांनी चादर सारखी केली असेल, चार्ट उघडला असेल, तर नळीच्या तोंडाला हात लावण्याआधी पुन्हा हँडरब. इंजेक्शन झालं, लघवीची पिशवी रिकामी केली, ग्लोव्हज काढले, पुन्हा हँडरब. मग पुढच्या खाटेकडे.

चुकतात त्या वेळा दोन. एक म्हणजे निर्जंतुक कामाआधीची, कारण “आत्ताच तर लावला होता” असं वाटतं. दुसरी म्हणजे नुसत्या वस्तूंना हात लावल्यानंतरची, कारण रुग्णाला हात लावलाच नाही म्हणून मनाला अपराधी वाटत नाही. रुग्णाला हात लावून झाल्यावर मात्र बहुतेक सगळे हात धुतात, कारण तिथे स्वतःची काळजी असते. आधी धुवायचे ते रुग्णासाठी, आणि नेमकं तेच राहून जातं.

४. साबण-पाणी चांगलं की हँडरब?

हात डोळ्यांना मळलेले दिसत नसतील, तर रुग्णालयात हँडरबच चांगला. तो जंतू लवकर मारतो, खाटेजवळ ठेवता येतो आणि कातडीही साबणापेक्षा कमी कोरडी करतो. वेळेचा हिशोबही पाहा. आयसीयूत एका सिस्टरला तासाभरात २० वेळा हात स्वच्छ करावे लागू शकतात. साबण-पाण्याने दर वेळी मिनिटभर धरलं, तर तासातली २० मिनिटं सिंकपाशीच जातील. हँडरबला २० सेकंद धरले तर सात मिनिटांच्या आत काम होतं.

साबण-पाणी हवंच अशा वेळा: हातावर रक्त, शी, पू किंवा कसलाही चिकटपणा दिसत असेल, संडासला जाऊन आल्यावर, आणि काही ठरावीक जुलाबांच्या रुग्णानंतर (त्यासाठी प्रश्न १३). एकामागोमाग दोन्ही करू नका. साबणाने धुऊन लगेच हँडरब लावला तर ओल्या हातावर अल्कोहोल पातळ होतं आणि कातडी फुटते ती वेगळीच.

५. हँडरब किती घ्यायचा आणि किती वेळ चोळायचा?

तळव्याचा खोलगा भरेल एवढा. दोन थेंबांत काही होत नाही. हात पूर्ण वाळेपर्यंत चोळायचा, त्याला २० ते ३० सेकंद लागतात. दहा सेकंदांतच वाळला तर समजा की कमी घेतलात. साबण-पाण्याने धुताना ओले करण्यापासून कोरडे करेपर्यंत ४० ते ६० सेकंद धरा.

तळवे सगळेच चोळतात. राहतात ते अंगठे, बोटांची टोकं आणि बोटांमधल्या बेचक्या. रुग्णाला लागतात ती बोटांची टोकंच, म्हणून टोकं तळव्यावर गोल घासायची आणि प्रत्येक अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवायचा. पाणी गार किंवा कोमटच घ्या. कढत पाण्याने जंतू जास्त जात नाहीत, हात मात्र फुटतात.

६. मेडिकलमधून आणलेला सॅनिटायझर वॉर्डात वापरला तर चालेल का?

बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर लिहिलेलं हवं. रुग्णालयात ७० ते ८० टक्क्यांचा वापरतात. सुगंध, कोरफड, रंग यांच्याकडे बघू नका. “अल्कोहोलमुक्त” असं लिहिलेली बाटली वॉर्डासाठी आणू नका. २०२० मध्ये आपल्याकडच्या साखर कारखान्यांनीसुद्धा सॅनिटायझर तयार केला होता, आणि त्याच वेळी बाजारात वाट्टेल ते भरलेल्या बाटल्याही आल्या. उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक आणि मुदत नसलेली बाटली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

शंभर टक्के शुद्ध अल्कोहोल आणखी चांगलं का नाही, असंही बरेच जण विचारतात. जंतूंमधली प्रथिनं मोडायला अल्कोहोलला थोडं पाणी सोबत लागतं. शिवाय शुद्ध अल्कोहोल हातावरून लगेच उडून जातं.

७. ग्लोव्हज घातले आहेत, मग हात धुवायची काय गरज?

ग्लोव्हजना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात, आणि काढताना बाहेरची घाण हाताला लागते. म्हणून घालण्याआधीही आणि काढल्यानंतरही हात स्वच्छ करायचे.

खरा त्रास निराळाच आहे. ग्लोव्हज घातलेल्या माणसाला आपण स्वच्छ आहोत असं वाटत राहतं. मग त्याच ग्लोव्हजने पॉट उचलला जातो, ट्रॉली ढकलली जाते, लिफ्टचं बटण दाबलं जातं आणि खिशातला फोनही उचलला जातो. स्वतःचं रक्षण झालं, पण बाकी सगळ्या वॉर्डात वाटप झालं. एक रुग्ण, एक काम, एक जोडी. काम संपलं की तिथेच लाल पिशवीत, आपल्याकडच्या कचरा वर्गीकरणाप्रमाणे. ग्लोव्हजवरच हँडरब चोळून ते पुढच्या रुग्णाला वापरू नका.

८. आम्ही नातेवाईक आहोत. आम्हाला हे सगळं लागू होतं का?

होतं, आणि आपल्याकडे तर जास्तच. इथे रुग्णाला भरवणं, कूस बदलणं, पॉट देणं, लघवीची पिशवी रिकामी करणं यातलं बरंचसं घरचीच माणसं करतात. त्यामुळे आत आल्यावर, भरवण्याआधी, पॉट किंवा पिशवीचं काम झाल्यावर आणि बाहेर जाताना हात स्वच्छ करा. पिशवी रिकामी करताना तिचा नळ भांड्याला टेकू देऊ नका. एकाच भांड्यात दोन रुग्णांच्या पिशव्या ओतू नका. पिशवी जमिनीवर ठेवू नका, आणि रुग्णाच्या कमरेच्या वरही उचलू नका.

आपल्या जनरल वॉर्डात शेजारधर्म मोठा असतो. शेजारच्या खाटेवरच्या काकांची कूस तुम्ही बदलून देता, त्यांच्या मुलीने आणलेला डबा दोन्हीकडे वाटला जातो, देवळातला प्रसाद सगळ्या खाटांवर फिरतो. कोणी करू नका असं आम्ही म्हणणार नाही. दोन खाटांच्या मध्ये हँडरबची बाटली असेल तर एकदा दाबा, एवढंच. त्यांच्या जखमेला, नळ्यांना आणि सलाईनला मात्र हात लावू नका. तिथे सिस्टरना हाक मारा.

९. डॉक्टरांनी हात न धुता आईला तपासलं तर त्यांना कसं सांगायचं? राग येईल ना?

जिनिव्हातल्या त्याच निरीक्षणात (प्रश्न २) डॉक्टरांचं प्रमाण नर्सपेक्षा कमी निघालं होतं, म्हणजे तुमची शंका अगदीच गैर नाही. बोलायची सोपी रीत अशी: राऊंड येताना दिसला की बाटली कॉटच्या पायथ्याशी, दिसेल अशी ठेवा आणि म्हणा, “सर, हँडरब इथे ठेवलाय.” किंवा “मॅडम, आईला साखर आहे, जखम भरत नाहीये, म्हणून विचारते, हात झालेत ना?” बहुतेकांना राग येत नाही, उलट ओशाळतात.

तरी जमत नसेल तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना सांगा, पुढचं त्या बघतील. माझं स्पष्ट मत आहे की याचं ओझं रुग्णावर टाकणं बरोबर नाही. “डॉक्टरांना विचारा” असे फलक भिंतीवर लावून रुग्णालयाची जबाबदारी संपत नाही.

१०. बांगड्या, अंगठी, राखी, मेंदी: काय चालतं आणि काय नाही?

हे नव्याने लग्न झालेल्या सिस्टर हमखास विचारतात. हिरवा चुडा सव्वा महिना उतरवायचा नाही असं घरात सांगितलेलं असतं, आणि ड्यूटी आयसीयूत लागलेली असते. नियम असा की रुग्णसेवेत कोपराखाली काही नको, कारण बांगड्यांखाली आणि अंगठीखाली हँडरब पोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांस्कृतिक कारणासाठी एवढी सूट दिली आहे की नेहमीच्या कामात एखादी साधी, नक्षी-खड्यांशिवायची लग्नाची अंगठी चालेल. ऑपरेशन थिएटरसारख्या जोखमीच्या जागी तीही नाही. इन्चार्जशी बोलून चुड्याच्या दिवसांत ड्यूटी बदलून घेता आली तर बघा. सासूबाईंना समजावण्यापेक्षा ते लवकर होतं.

राखी, गंडा, लाल धागा हे कापडाचं असतं. एकदा ओलं झालं की तासन्‌तास ओलंच राहतं. राखीपौर्णिमेनंतर आठवडाभर निम्म्या मनगटांवर ते दिसतं. ड्यूटीआधी सोडून पर्समध्ये ठेवा. मंगळसूत्राचा हातांशी संबंध नाही, पण वाकल्यावर ते रुग्णाला लागतं, म्हणून गणवेशाच्या आत घ्या. मेंदीचा सुकलेला रंग चालतो. खोटी नखं अजिबात नकोत, आणि खऱ्या नखांची लांबी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी हवी.

११. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. आईने आत जाताना काय करायचं?

बांगड्या, अंगठी, घड्याळ बाहेर काढून ठेवा. बाह्या कोपरापर्यंत वर घ्या आणि कोपरापर्यंत साबणाने धुवा. आत गेल्यावर बाळाला हात लावण्याआधी दर वेळी हँडरब. फोनवर बाळाचा फोटो काढला की पुन्हा हँडरब. फोन हे विसरलं जाणारं पहिलं ठिकाण आहे. दूध काढण्याआधी हात धुवा, वाटी-चमचा तिथल्या सिस्टर सांगतील तसा निर्जंतुक करा. दर वेळी छाती साबणाने घासू नका, त्याने स्तनाग्रांना भेगा पडतात.

कांगारू पद्धतीने बाळाला छातीशी धरायला भिऊ नका, स्वच्छ हात आणि स्वच्छ गाऊन पुरेसा आहे. अंगाऱ्याची पुडी मात्र बाहेर पर्समध्येच राहू द्या. सर्दी-खोकला, हगवण किंवा हातावर पिकलेली जखम असेल तर आत जाण्याआधी सांगा.

१२. हँडरबने हात जळजळतात. मला त्याची ॲलर्जी आहे का?

बहुतेक वेळा नाही. साबणाने आधीच फुटलेल्या कातडीला अल्कोहोल झोंबतं. लोक मग हँडरब सोडून पुन्हा साबणाकडे जातात आणि हात आणखी फुटतात. ड्यूटी संपल्यावर आणि झोपताना साधं मॉइश्चरायझर लावा, खोबरेल तेल घरी चालेल, पण ड्यूटीवर तेलकट हातांनी ग्लोव्हज घालू नका. पुरळ उठलं, पाणी सुटलं किंवा भेगा भरल्या नाहीत तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि तोवर थेट रुग्णसेवेबद्दल इन्चार्जशी बोला.

१३. सॅनिटायझरने न मरणारे जंतू असतात म्हणे. कोणते?

मुख्य दोन. बरीच अँटिबायोटिक घेतल्यावर काही रुग्णांना क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाच्या जंतूमुळे जुलाब होतात. त्याच्या बीजाणूंना (टणक कवचातल्या सुप्त रूपांना) अल्कोहोल काही करत नाही. साबणही त्यांना मारत नाही, पण चोळून आणि वाहत्या पाण्याने ते हातावरून निघून जातात. दुसरा नोरोव्हायरस, उलट्या-जुलाबांची साथ आणणारा. त्याच्यावर अल्कोहोलचा परिणाम कमी. अशा रुग्णाजवळ ग्लोव्हज घाला, काढल्यावर साबण-पाण्याने धुवा.

१४. आमच्या क्लिनिकमध्ये बेसिनमध्ये अँटिसेप्टिकचं पाणी आणि शेजारी नॅपकिन असतो. ते चालेल ना?

नाही. तिवईवर पांढरं इनॅमलचं भांडं, त्यात दुधाळ पाणी आणि खुंटीला एक नॅपकिन, ही पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. सकाळी केलेल्या त्या पाण्यात दुपारपर्यंत पन्नास हात बुडतात. पातळ केलेल्या अँटिसेप्टिकमध्ये स्युडोमोनास चक्क वाढू शकतो. नॅपकिनवर सगळ्यांचे हात पुसले जातात. ते भांडं उचलून ठेवा आणि टेबलावर हँडरब ठेवा.

साबणाची वडी असेल तर ती लहान आणि पाणी निथळेल अशा जाळीवर हवी. द्रव साबणाची बाटली संपत आली की वरून भरू नका. पूर्ण रिकामी करा, धुवा, वाळवा, मग भरा. पुसायला कागदी टॉवेल, नाहीतर एकदाच वापरून धुवायला टाकायचे छोटे कापडी तुकडे.

१५. उन्हाळ्यात नळाला पाणीच नसतं. मग?

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. हँडरबला पाणी लागत नाही, म्हणून टंचाईत नेहमीच्या वापरासाठी तोच. उरलेलं पाणी मळलेल्या हातांसाठी, संडासानंतर आणि प्रश्न १३ मधल्या रुग्णांसाठी राखा. साठवलेल्या पाण्याच्या टाकीला किंवा पिंपाला खाली तोटी बसवा. तांब्या बुडवून पाणी काढलं की सगळं पिंप हातांनी खराब होतं.

१६. हँडरबमध्ये दारूच असते ना? आमच्या धर्मात चालत नाही. आणि पेट घेतला तर?

कातडीतून शोषलं जाणारं प्रमाण इतकं नगण्य असतं की नशा होत नाही. सौदी अरेबियातल्या रुग्णालयांतही अल्कोहोलचा हँडरब वापरतात. तरी मनाला पटत नसेल तर साबण-पाणी वापरा, फक्त वेळा चुकवू नका.

आगीची काळजी मात्र रास्त आहे. हात पूर्ण वाळेपर्यंत काडी, निरांजन, गॅस आणि विजेच्या बटणापासून दूर राहा. मोठे कॅन उन्हात किंवा जनरेटरच्या खोलीत ठेवू नका. लहान मुलं आणि भ्रमिष्ट झालेले रुग्ण यांच्या हाताशी बाटली नको; पिण्याच्या घटना घडतात.

१७. रुग्णालय हे खरंच पाळतं का, कसं कळणार?

निरीक्षक वॉर्डात उभा राहिला की सगळेच नियम पाळतात, म्हणून त्याच्या आकड्यांवर थोडा संशय ठेवा. सोपा ताळा वापराचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत दर १००० रुग्णदिवसांना (एक रुग्ण एक दिवस दाखल, म्हणजे एक रुग्णदिवस) निदान २० लिटर हँडरब धरला आहे. म्हणजे भरलेल्या ५० खाटांना रोज १ लिटर. स्टोअरमधून महिन्याला चारच बाटल्या जात असतील, तर भिंतीवरचा फलक काहीही म्हणो. त्याच मोजपट्टीत दर १० खाटांमागे निदान एक सिंकही हवं आहे.

१८. छोट्या नर्सिंग होममध्ये हँडरब आम्हीच तयार करू शकतो का?

जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र उघड आहे. १० लिटरसाठी ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिलिलिटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिलिलिटर, आणि बाकी डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी. पेरॉक्साइड तुमच्या हातांसाठी नसतं, ते बाटलीत राहिलेल्या बीजाणूंसाठी असतं. म्हणून भरलेल्या बाटल्या ७२ तास बाजूला ठेवून मगच वापरायच्या.

फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय आणि अल्कोहोलमापकाशिवाय हे करू नका. परवान्याबद्दल आधी अन्न व औषध प्रशासनाला आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाला विचारा. दहा-पंधरा खाटांच्या जागी मला तरी तयार बाटल्या घेणंच सोयीचं वाटतं. वाचलेल्या वेळात त्या प्रत्येक खाटेजवळ टांगायला हूक लावून घ्या.